आई 'नाही' का म्हणतायत, ते आधी बघ

पत्र:

ताई, आम्ही अमळनेरला राहतो. सासरे ७० वर्षांचे, झेडपीच्या शाळेतून रिटायर्ड, शुगर आहे पण रोज फिरायला जातात. सासूबाई ६६ च्या, गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे. दोघांनी आयुष्यात वणी आणि पंढरपूर सोडून काही पाहिलं नाही. आमच्या कॉलनीतले बावीस जण टूरला चाललेत. एक टूरवाला हरिद्वार, चारधाम (यमुनोत्री, गंगोत्री, केदारनाथ, बद्रीनाथ), मथुरा-वृंदावन आणि अयोध्या असं सगळं १५ दिवसांत २१,००० रुपयांत देतोय. दुसरा काशी-प्रयाग-अयोध्या ८ दिवसांचे १८,५०० म्हणतो. मिस्टर म्हणतात पहिलंच परवडतं, एका खर्चात सगळं उरकेल. आबा तर केदारनाथ धरूनच बसलेत. आणि आईंचं एकच चाललंय, "माले कोठेच नई जानं." आम्हा दोघांना सुट्टी नाही, म्हणजे त्यांना एकटंच पाठवावं लागेल. कुठली टूर घेऊ, आणि आईंना तयार कसं करू?
– एक सून, अमळनेर

उत्तर:

माझ्याहून बरीच लहान असशील म्हणून एकेरीतच बोलते. टूर कुठली ते सांगतेच, पण त्याआधी आईंच्या त्या वाक्यावर बोलू दे, कारण हे वाक्य मी भुसावळहून टूर घेऊन जायचे ना, त्या एकवीस वर्षांत किती बायकांच्या तोंडून ऐकलंय त्याचा हिशोब नाही. मला नाही जायचं, तुम्ही जा, माझं काय, घर कोण बघेल. आणि याच बायका एकदा गाडीत बसल्या, दोन दिवस गेले, की खिडकीची जागा सोडायला तयार नसायच्या. म्हणजे जायचं असतं गं. नको असतं ते वेगळंच काहीतरी असतं आणि ते चारचौघांत बोलता येत नाही.

रावेरकडच्या एक आजी होत्या, केळीच्या बागा असलेलं घर, पैशाला काही कमी नाही. चारधामची टूर होती, सत्तावीस सीटची बस, आणि त्या दिवशी उत्तरकाशीहून गुप्तकाशीला जायचं होतं. त्या टूरमधला तो सगळ्यात वाईट दिवस असतो, घनसाळीवरून वळणावळणाने आठ-नऊ तास नुसतं बसून राहायचं. पहाटे पाचला निघालो. सकाळच्या चहाला आजींनी कप परत केला, मला वाटलं उपवास असेल. नाश्त्याला दोन घास खाल्ले, वर नुसती चूळ भरली. मी त्या दिवशी माइकवरून तीनदा विचारलं, "कोणाला वॉशरूमला जायचंय का?" कोणी काही बोललं नाही, तर मी ड्रायव्हरला म्हटलं चला, वेळ वाचतोय. संध्याकाळी गुप्तकाशीला हॉटेलपाशी गाडी थांबली आणि आजी पायरीवरून खाली उतरता उतरता माझ्या अंगावर आल्या, डोळे वर. सरकारी दवाखान्यात नेलं, सलाइन लावलं, डॉक्टर पहिलं वाक्य बोलले ते "माताजी ने पानी कब पिया था?" आणि मला सांगता येईना. सकाळपासूनचा मी एकेक घास सांगू शकत होते पण पाणी कधी प्यायल्या ते माहीत नव्हतं, कारण त्या प्यायल्याच नव्हत्या. रात्री त्यांचे पाय चेपत बसले होते तेव्हा हळूच बोलल्या, "कोनाले सांगू माय? पुढे बठ्ठा मानसंच बसेल व्हतात."

पुढच्या सीटांवर सगळे पुरुष बसलेले, त्यांच्यासमोर हात वर करून 'मला जायचंय' म्हणायची लाज, त्यापेक्षा पाणीच प्यायचं नाही, हा त्यांचा उपाय होता. सत्तरीच्या बाईने, डोंगरात, दिवसभर.

त्या दिवसापासून मी गाडीत तो प्रश्न विचारणं बंद केलं. दर दोन तासाला गाडी थांबणार म्हणजे थांबणार, कोणाला जायचं असो-नसो, आणि नाव चहाचं. आधी मी उतरायचे, जाऊन बघून यायचे, कडी लागते का, नळाला पाणी आहे का, आणि मग म्हणायचे, चला, सगळ्यांनी पाय मोकळे करा. बायका आपोआप माझ्या मागे यायच्या. जिथं काहीच सोय नसेल तिथं आडोशाला धरायला दोन जुन्या चादरी गाडीत कायमच्या असायच्या. एवढ्याशा गोष्टीने टूर बदलली बघ, बायका पाणी प्यायला लागल्या, डोकं दुखणं, मळमळणं, पायात गोळे येणं अर्ध्यावर आलं. एकवीस वर्षांत मी किती मंदिरं दाखवली त्याच्यापेक्षा हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, अगदी मनापासून सांगते.

तर आता तुझ्या आई. त्यांची बीपीची गोळी कुठली आहे ते डॉक्टरांना विचार, कारण बीपीच्या काही गोळ्यांनी लघवी जास्त होते आणि मग बायका काय करतात तर प्रवासाच्या दिवशी गोळीच घेत नाहीत, कोणाला सांगतही नाहीत. हे फार घातक आहे. गोळी कधी घ्यायची, वेळ बदलता येते का, हे डॉक्टरच सांगतील, मनाने बंद करायची नाही. आणि गुडघे दुखतात म्हणजे उकिडवं बसता येत नसणार, मग परक्या ठिकाणी भारतीय पद्धतीचा संडास असला तर उठणार कसं ही धाकधूक असणार. घरी तुम्ही कमोड बसवलाय का, नसेल तर त्या कसं निभावतात, हे तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत. दुसरी भीती असते ती आपल्यामुळे सगळे खोळंबतील याची. हळू चालणाऱ्या माणसाला टूरमध्ये सगळ्यात जास्त कोण दुखावतं माहितीये, ते पुढे जाऊन कंबरेवर हात ठेवून मागे वळून बघणारे. काही बोलत नाहीत, नुसतं बघतात.

आईंना आबांसमोर किंवा मिस्टरांसमोर काही विचारू नको. दोघीच असाल तेव्हा, भरीताची वांगी भाजताना, शेंगा फोडताना, हात कामात आणि डोळे खाली असले की बोलणं निघतं. आणि 'का नाही येत' असं विचारूच नको, त्याचं उत्तर 'असंच' येतं. उलट तूच सांग, की मी टूरवाल्याशी बोललेय, गाडी दर दोन तासाला थांबते, खोलीत कमोड आहे, रेल्वेत खालचा बर्थ आहे, मंदिराच्या तिथं व्हीलचेअर मिळते का ते विचारून ठेवलंय. मग बघ त्या काय विचारतात. 'खोली कितव्या मजल्यावर?' असं विचारलं की समज, त्या मनाने निघाल्या. आणि एवढं सगळं सांगूनही नाहीच म्हणाल्या तर ते नाही खरं आहे, तेव्हा मात्र जबरदस्ती करू नको, आबा कॉलनीतल्या लोकांबरोबर जाऊन येतील. जबरदस्तीने आणलेली माणसं मी पाहिलीत, काशीच्या घाटावर बसून घरच्या गॅसची काळजी करत असतात.

आता टूर. चारधामवाली घेऊ नको. ती टूर वाईट असते म्हणून नाही, मी सतरा वेळा केलीय, बद्रीनाथच्या आधी नदीवर सकाळचं ऊन पडतं ते मी विसरणार नाही. पण ही टूर, या दिवसांत, या पैशांत, या दोन माणसांना नको. हिशोबच मांडून दाखवते म्हणजे मिस्टरांना पण दाखवता येईल. पंधरा दिवसांतले भुसावळहून हरिद्वारला जायचे आणि परत यायचे मिळून तीन दिवस काढ, राहिले बारा. हरिद्वारहून निघून चारही धाम करून परत हरिद्वारला यायला, नीट करायचं तर, नऊ-दहा रात्री लागतात. राहिले दोन. त्या दोन दिवसांत मथुरा, वृंदावन आणि अयोध्या, आणि अयोध्या हरिद्वारपासून सहाशे किलोमीटरच्या वर. हे बसतच नाही. मग बसवतात कसं? रात्रीचा प्रवास. आमच्या धंद्यात रात्रीचा प्रवास म्हणजे दुहेरी फायदा, अंतर पण कापलं जातं आणि एका रात्रीचं हॉटेल पण वाचतं. पॅसेंजरला सांगतात 'वेळ वाचतो'. झोप कोणाची जाते? २१,००० ला १५ ने भाग, दिवसाला १,४०० रुपये येतात, त्यात रेल्वे, बस, खोली, दोन वेळचं जेवण, चहा-नाश्ता आणि त्याची स्वतःची कमाई. कुठून तरी ते काढावेच लागतात, मग एका खोलीत चार जण, हॉटेल गावाबाहेर दहा किलोमीटरवर, ड्रायव्हर एकच. काशीवाल्याचे दिवसाला २,३०० च्या आसपास पडतात. म्हणजे मिस्टर ज्याला परवडतं म्हणतायत ते एवढ्यासाठी परवडतं.

डोंगरातल्या किलोमीटरचं पण मिस्टरांना सांग. हरिद्वार ते बडकोट, म्हणजे यमुनोत्रीच्या वाटेवरचं मुक्कामाचं गाव, नकाशावर बघितलं तर आपल्या अमळनेर-नाशिकएवढंच दिसतं, पण तिथं पूर्ण दिवस जातो, आणि मधे दरड आली की मग किती वेळ ते कोणीच सांगू शकत नाही. केदारनाथच्या दिवशी तर मध्यरात्रीच उठवतात. आपली गाडी सोनप्रयागपर्यंतच जाते, तिथून शटल जीपसाठी रांग, जीपने गौरीकुंड, आणि तिथून सोळा किलोमीटर चढ. घोडा, डोली, कंडी (पाठीवरची टोपली, तीत बसवून माणूस वर नेतो) मिळते, पण टूरच्या कागदावर त्याच्यापुढे 'स्वखर्चाने' लिहिलेलं असतं आणि वर जाऊन-येऊन तो खर्च काही थोडाथोडका नसतो. देऊळ ३,५८३ मीटरवर आहे, हवा विरळ. आईंनी गुडघ्याने हे करायचं?

काशीवाली टूर घे, पण तीही डोळे झाकून नको. टूरवाल्याला लोक विचारतात 'काय काय दाखवणार?' आणि तो पंचवीस नावं वाचून दाखवतो, लोक खूश. तू ते विचारू नको. तू विचार, रोज उठवणार किती वाजता, नाश्ता किती वाजता, गाडी सुटणार किती वाजता. आम्ही याला 'पाच-सहा-सात' म्हणायचो, पाचला वेक-अप, सहाला नाश्ता, सातला बॅगा गाडीत. रोजचे हे तीन आकडे आणि रात्री हॉटेलला पोचायची वेळ, एवढं कागदावर मागून घे. ज्याने ही टूर खरंच केलीय तो तोंडपाठ सांगेल. ओळीने तीन दिवस 'चार-पाच-सहा' असेल आणि रात्री दहाला पोचायचं असेल तर समजून घे.

याचं कारण सांगते. प्रत्येक टूरमध्ये चौथ्या दिवशी भांडण होतं. मी सुरुवातीला म्हणायचे यावेळचा ग्रुपच तसा आहे, मग कळलं की सगळेच ग्रुप तसे आहेत. पहिले तीन दिवस सगळे गोड, एकमेकांना चिवडा देतात, चौथ्या दिवशी पुढच्या सीटवरून, नाहीतर भाजीत मीठ कमी म्हणून, नाहीतर एक जोडपं दहा मिनिटं उशिरा आलं म्हणून कडाकडा भांडतात. एकदा तर दोन सख्ख्या व्याह्यांनी खिडकीवरून बोलणं टाकलं ते टूर संपेपर्यंत. मीठ कमी नसतं गं, झोप कमी असते. तीन रात्रीची राहिलेली झोप चौथ्या दिवशी वसूल होते. म्हणून मी माझ्या टूरला चौथ्या दिवशी सकाळ मोकळी ठेवायला लागले, नऊपर्यंत कोणी कोणाला उठवायचं नाही. मालक ओरडायचे की एक ठिकाण कमी झालं. पण परत आल्यावर लोकांना ते कमी झालेलं ठिकाण आठवायचंच नाही. सीटचं पण विचारून ठेव, चांगला टूरवाला सीट रोज फिरवतो, आज पुढे बसलेला उद्या मागे. मात्र गुडघ्याचा त्रास असलेल्या माणसाला चाकावरची सीट नको, तिथं पाय दुमडून बसावं लागतं, हे आधीच सांगून ठेवायचं.

काशीत अजून एक गोची असते ती पोचायच्या वेळेची. आपल्या बाजूने जाणाऱ्या काही गाड्या तिथं अगदी पहाटे पोचतात, आणि हॉटेलची रूम मिळते दुपारी बारा नाहीतर दोनला. मधले आठ-नऊ तास काय करायचं? टूरवाला म्हणतो 'फ्रेश व्हायला रूम देतो', म्हणजे चाळीस माणसांत तीन खोल्या, आणि बायका टॉवेल घेऊन जिन्यात उभ्या. हे मी स्वतः केलंय, ज्यांच्याकडे कामाला होते त्यांचा तसाच नियम होता, आणि आजही आठवलं की वाईट वाटतं. तेव्हा गाडी किती वाजता पोचते आणि खोली किती वाजता हातात मिळते, हे दोन्ही लिहून घे. गरज पडली तर एका रात्रीचं भाडं जास्तीचं भरून पहाटेच खोली घ्या, त्या पैशाची मजा बाकी कशात नाही. कागदावर 'बाहेरून' आणि 'वेळ मिळाल्यास' हे दोन शब्द कुठं कुठं आहेत ते पण पेनाने गोल करून ठेव. ती ठिकाणं बघायला मिळणार नाहीत असं धरूनच चाल.

कधी जायचं ते पण ठरव. पावसाळ्यात गंगा चढते, घाट पाण्याखाली जातात, नावा बंद करतात. कार्तिक पौर्णिमेला देवदिवाळी असते, दिसायला फार सुंदर पण गर्दीत आईंचा हात सुटेल. डिसेंबर-जानेवारीत तिकडे धुकं पडतं आणि गाड्या तासन् तास लेट होतात, शिवाय जानेवारी-फेब्रुवारीत प्रयागला माघ मेळा. म्हणून देवदिवाळी झाल्यावरचा नोव्हेंबर, नाहीतर महाशिवरात्रीनंतर ते होळीच्या आधी, हे दिवस बघ. थंडी पण झेपते, ऊन पण.

काशीत आईंना त्रास होईल तो घाटाच्या पायऱ्यांचा, उंच आणि एकसारख्या नसलेल्या. पण सगळे घाट उतरायची गरज नाही. एका घाटावर सावकाश उतरायचं, नावेत बसायचं, बाकीचे घाट नावेतून दिसतात, संध्याकाळची आरती पण नावेतून बघता येते. नावेत चढताना नावाड्याचा हात धरायचा, लाजायचं नाही, त्यांना सवय असते. डिसेंबर २०२१ मध्ये काशी विश्वनाथचा नवा कॉरिडॉर झाला तेव्हापासून आतमध्ये ऐसपैस झालंय, आधीच्या त्या चिंचोळ्या गल्ल्यांतून मी माणसं कशी मोजत न्यायचे ते मलाच माहीत. मंदिरात मोबाइल नेऊ देत नाहीत, लॉकरला ठेवावा लागतो, म्हणजे नेमकं गर्दीत दोघांकडे फोन नसणार. त्याचं पुढं सांगते. काशी ते प्रयाग सव्वाशे किलोमीटर, सपाट रस्ता, तिथून अयोध्या पावणेदोनशेच्या आत. म्हणजे या टूरमध्ये एका दिवसात चार तासांपेक्षा जास्त बसायची खरं तर गरजच नाही. त्याच्या कागदावर जास्त दिसलं तर का ते विचार. साडीच्या दुकानात नेतील, दीड-दोन तास जातात, दुकानदाराकडून गाडीवाल्याला कमिशन असतं. मी पण नेलेय लोकांना. आईंना साडी घ्यायची असेल तर खुशाल घेऊ दे, पण पाय दुखत असतील तर 'आम्ही गाडीत बसतो' म्हणायचा त्यांना पूर्ण हक्क आहे, हे त्यांना तूच सांगून पाठव.

रेल्वेचं तिकीट शक्य असेल तर तुम्हीच काढा, टूरवाल्याला सांगा की आमच्या दोघांचं आम्ही काढतो, तेवढे पैसे कमी करा. का ते ऐक. ६० च्या वरचे पुरुष आणि ४५ च्या वरच्या बायकांना खालच्या बर्थचा वेगळा कोटा आहे, पण तिकिटावर एक किंवा दोनच माणसं असतील तर. टूरवाला एका तिकिटावर सहा-सहा जण काढतो, मग तो कोटा लागतच नाही आणि ६६ वर्षांच्या बाईला मधला बर्थ येतो. मग रात्री अकराला टूर मॅनेजर डब्यात फिरून खालच्यांना हात जोडतो, कधी मिळतो कधी नाही. सिनिअर सिटिझनची भाड्यातली सवलत मार्च २०२० पासून बंद आहे, त्यामुळे त्या आशेवर राहू नका, पण बर्थचा कोटा आहे. डबा मात्र बाकीच्यांचा कुठला ते विचारून तोच मागा, एसी थ्री तर एसी थ्री.

एकटं पाठवायचं की नाही विचारलंस. कॉलनीतले बावीस जण आहेत म्हणजे एकटे नाहीतच. पण त्या बावीसांत आईंच्याच वयाची, त्यांच्याच चालीने चालणारी एक जोडीदारीण शोधून दे. नवरा-बायको टूरमध्ये एकत्र असतात ते फोटोपुरतं, आबा पुढे झपाझप जाणार आणि आई मागे, हे मी आत्ताच सांगते. आणि दोघांच्याही अंगावर, म्हणजे आबांच्या आतल्या खिशात आणि आईंच्या ब्लाउजमधल्या पाकिटात, एकेक कागद. नाव, तुझा आणि टूर मॅनेजरचा नंबर, त्या दिवशीच्या हॉटेलचं नाव, गोळ्यांची नावं. हरिद्वारला हर की पौडीवर एक आजोबा हरवले होते, फोन गाडीत चार्जिंगला, हॉटेलचं नाव माहीत नाही, नुसतं 'पिवळी बिल्डिंग' म्हणत होते. आम्ही त्यांना शोधत होतो आणि ते आम्हाला, तीन तास एकमेकांच्या मागे गोल. त्यानंतर मी प्रत्येक ग्रुपला पहिल्याच दिवशी सांगायचे की चुकामूक झाली तर शोधायचं नाही, जिथं आहात तिथं खाली बसायचं, मी येते. हे आबांना आणि आईंना पाठ करून दे, मंदिरात फोन नसताना हेच कामाला येईल.

गोळ्या दोन जागी ठेव, अर्ध्या हातातल्या पिशवीत, अर्ध्या मोठ्या बॅगेत. आणि आबांचं मला वेगळं वाटतं, शुगरची माणसं गोळी घेतात आणि मग दर्शन होईपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत, रांग दोन तासांची होते, घाम फुटतो, हातपाय कापायला लागतात. देवाच्या दारात असं झालेल्या किमान सहा-सात जणांना तरी मी खाली बसवून साखर खायला दिलीय. आबांना डॉक्टरांच्या तोंडूनच सांगायला लाव की गोळी घेतली की खायचं, मग दर्शन. मास्तर माणूस आहे, तुझं ऐकणार नाही, डॉक्टरांचं ऐकेल.

केदारनाथ आबांच्या मनातून काढायचा प्रयत्न करू नको. त्यांना सांग की काशी विश्वनाथ पण ज्योतिर्लिंगच आहे, हे आईंबरोबर करा, आणि केदारनाथचं वेगळं बघू. पुढच्या वर्षी पाऊस ओसरल्यावर, सप्टेंबर अखेर-ऑक्टोबरमध्ये, भाऊबीजेला दार बंद व्हायच्या आधी, त्यांच्याच बरोबरीचे दोन-तीन जण आणि सोबत एक तरुण माणूस, आणि फक्त केदार-बद्री, चारही धाम नकोत. आधी हृदयाची तपासणी, डॉक्टरांनी हो म्हटलं तरच. यात्रेची नोंदणी सरकारी साइटवर होते, आणि हेलिकॉप्टरचं तिकीट फक्त आयआरसीटीसीच्या हेलीयात्रा साइटवर मिळतं. व्हॉट्सॲपवर कोणी तिकीट विकत असेल तर एक रुपया देऊ नका, फार लोक फसलेत.

निघायच्या महिनाभर आधी एक काम कर. एका रविवारी दोघांना वणीला घेऊन जा, तुम्ही दोघं पण जा. ओळखीची जागा आहे, आईंना भीती वाटणार नाही, आता गडावर ट्रॉली झालीय, पायऱ्या चढायच्या नाहीत. जाताना दर दोन तासाला गाडी थांबव, न विचारता. आई पाणी पितात का बघ. संध्याकाळी घरी आल्यावर पायाला सूज किती आहे, दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा वाकतो का, तेही बघ. एवढ्या एका दिवसात तुला जे कळेल ते कुठल्याही टूरवाल्याच्या ऑफिसात कळणार नाही.

पैसे देताना पावती घे, त्यावर ५ टक्के जीएसटी लावलेला दिसला पाहिजे, आणि कॅन्सल केलं तर किती कापणार ते लेखी. रेल्वेचं तिकीट त्यानेच काढायचं ठरलं तर पीएनआर हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी दे, जाताना दोन वेळा पुरतील एवढीच, जास्त दिली तर आई बाहेरचं गरम जेवण सोडून तेच खात बसतील. बिबडे, म्हणजे ते ज्वारीचे पापड, देऊ नको, बॅगेत चुरा होतो.

तारीख ठरली की कॅलेंडरवर ६० दिवस मागे मोज, नोव्हेंबर २०२४ पासून रिझर्वेशन तेवढंच आधी उघडतं, सकाळी आठला. आदल्या रात्रीच दोघांची आधार कार्डं काढून समोर ठेव आणि नावाचं स्पेलिंग त्याच्यावर आहे तसंच टाक, खालचा बर्थ टिक करायला विसरू नको.